राबावर उभी केलेली जीप

धोंडीराम गावित गाडी चालवताना शिट्टी वाजवायचा. सरळ डांबरी रस्त्यावर नाही. चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि माझ्या बाजूला दरी आली की मग त्याची शिट्टी सुरू. मी एकदा त्याला म्हटलं, "धोंडीराम, एक तर शिट्टी वाजव, नाहीतर गाडी चालव."

तो म्हणाला, "बाई, शिट्टी बंद झाली की समजायचं, आपण पडलो."

चार वर्षं मी त्या शिट्टीशेजारी बसले.

तो सातपूरला आमच्या कॉलनीत, मागच्या गल्लीत राहायचा. एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होता. त्याची मुलगी संजना माझ्या शाळेत होती, मी विज्ञान शिकवायचे, म्हणून अख्ख्या गावित कुटुंबाची मी 'बाई'. माणूस अंगानं बारीक, डोक्यानं हट्टी. मुद्दा पटला नाही तर वाद घालायचा नाही, फक्त "बरं" म्हणायचा आणि मनातलंच करायचा. मला असल्या माणसांचा राग येतो. वाद तरी घाला.

मूळचा तो पेठ तालुक्यातला. उंबरदरी नावाचा दहा-बारा घरांचा पाडा, डोंगराच्या अगदी कडेला. एस.टी. जिथं सोडायची तिथून पुढं अर्धा दिवस चढ. आयटीआयच्या निमित्तानं तो नाशिकला आला आणि इथलाच झाला. वर राहिली त्याची आई, आक्काबाई. नवरा गेलेला, दुसरं मूल नाही. दोन वावरं भाताची, एक तुकडा नागलीचा, चार शेळ्या आणि कोंबड्या. धोंडीराम दिवाळीला आणि शिमग्याला, वर्षातून दोनदा वर जायचा आणि दोन्ही वेळेला तिला म्हणायचा, "आये, चल आता नाशिकला."

एका शिमग्याला म्हातारी वैतागली. म्हणाली, "दारात गाडी आण, मग येते."

ज्या दारात तोवर सायकलसुद्धा आली नव्हती, तिथं गाडी आण म्हणाली. हा सरळ सरळ नकार होता. मला ऐकताक्षणी कळलं. त्याच्या बायकोला, लताबाईला कळलं. नववीतल्या संजनाला कळलं. धोंडीरामला तेवढा कळला नाही. तो "बरं" म्हणाला आणि खाली येऊन गाड्या बघायला लागला.

देवळालीकडे लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या भंगारवाल्यांकडे यायच्या. तिथून चौऱ्याण्णव साली त्यानं एक जीप आणली. आणली म्हणजे टेम्पोला दोर बांधून ओढत आणली. छत नव्हतं, खाली पत्रा असा की पायातून रस्ता दिसायचा. दुसऱ्या शिफ्टला असला की सकाळी आणि पहिल्या शिफ्टला असला की संध्याकाळी तो तिच्याखाली पडलेला असायचा. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, कॅनव्हासचं छत शिवून घेतलं. सगळं स्वस्तातलं आणि सगळं स्वतः केलेलं. लताबाई मला म्हणायची, "बाई, सवत कशी असते बघायची असेल तर आमच्या अंगणात उभी आहे. आमचे हे चहासुद्धा तिच्या बॉनेटवर ठेवून पितात. घरात या म्हटलं तर हात खराब आहेत म्हणे."

"स्कूटर घेणार होता ना तो?"

"स्कूटर डोंगर चढत नाही म्हणे. मी म्हटलं, मी तरी कुठं चढते? मला घेऊन खालीच फिरा."

लताबाईला घाटात उलट्या व्हायच्या, ती गाडीत बसत नव्हती. संजनाचा क्लास. आणि असल्या वाटांना एकट्यानं जाऊन भागत नाही. कुणीतरी खाली उतरून चाक कुठं पडतंय ते बघावं लागतं आणि चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला दगड लावावा लागतो. मी नुकती निवृत्त झाले होते. मला भजनी मंडळात सगळ्यांनी बोलावलं होतं. दगड लावायला धोंडीरामनं एकट्यानंच बोलावलं. मी त्याला हो म्हटलं. सुती साडी, कॅनव्हासचे बूट आणि हातात दगड, अशी मी त्या काळात पेठ तालुक्यात पुष्कळ लोकांना दिसले असेन.

सातपूरच्या कारखान्यांना शनिवारची सुट्टी. पाऊस थांबला, रान वाळलं की दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी आम्ही पहाटे निघायचो. पेठ रोडनं सावळघाट, पुढं करंजाळीला चहा आणि मग डांबर सोडायचं. सोडलं की दहा मिनिटांत नाशिक कुठं राहिलं ते कळेनासं व्हायचं. एकामागं एक डोंगर, उन्हाळ्यात गवत जळून पिवळं पडलेलं, मध्येच एखादं ऐनाचं झाड फांद्या छाटून उघडं केलेलं. वाट म्हणजे बैलगाडीची चाकोरी. तीही ओढ्यात उतरायची आणि पलीकडे चढायला विसरायची.

पहिल्या वर्षी सरळ पायवाटेनं जायचा प्रयत्न केला. तिथं एक खडक आडवा होता, घराएवढा. दुसऱ्या वर्षी ओढ्यातून. ओढ्यात गाडी बसली ती बैल जोडून काढावी लागली, आणि बैलवाल्यानं विचारलं, "पण जायचं कुठं होतं?" धोंडीरामनं बोट वर केलं. तो माणूस वर बघत राहिला, मग आमच्याकडे, मग बैलांना म्हणाला, "चला रे."

एखाद्या पाड्यात जीप शिरली की गावातले पुरुष गायब व्हायचे. जीप म्हणजे जंगलखातं, नाहीतर नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं न्यायला आलेले सरकारी लोक. अंगणात नुसत्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या. मग धोंडीराम गाडीत उभा राहून कोकणीत, म्हणजे तिकडच्या आदिवासी बोलीत, ओरडायचा, मी अमक्याचा अमका, उंबरदरीच्या आक्काबाईचा पोर. एकेक डोकं कुडाआडून बाहेर यायचं. "अरे, हा तर आपलाच." मग कोरा चहा, मग वाटेची चौकशी. प्रत्येकजण सांगायचा, वाट नाही. आणि प्रत्येकजण पुढच्या पाड्यापर्यंत गाडीत बसून यायचा.

"आपलाच" म्हटलं की धोंडीरामचा चेहरा कसा व्हायचा ते मी शेजारून बघितलंय. परतताना घाट उतरून नाशिकचे दिवे दिसायला लागले की तो गाडी हळू करायचा. एकदा म्हणाला, "बाई, इकडं मला 'त्या डोंगरातला' म्हणतात. तिकडं 'नाशकाचा' म्हणतात. आई खाली आली तर एक जागा तरी पक्की होईल." मी म्हटलं, म्हातारी आली म्हणून तू काय दुसरा होणार आहेस? तो "बरं" म्हणाला.

वाट सापडली ती पलीकडच्या अंगानं. जंगलखात्याचा लाकूड ओढायचा जुना रस्ता होता, बंद पडून झुडपं वाढलेला. तो डोंगराला पाठीमागून वळसा घालून उंबरदरीच्या वरच्या माळावर निघायचा. माळावरून पाड्यापर्यंत भाताची खाचरं. भात कापल्यावर ती कोरडी पडतात. बांध फोडून वाट करून दिली तर गाडी जाणार, आणि पेरणीआधी बांध पुन्हा घालायचे. धोंडीराम पायी जाऊन पाड्यातल्या मल्हारीला भेटून आला. मल्हारी त्याचा लहानपणचा सोबती. त्यानं बांध फोडून ठेवतो म्हणून कबूल केलं.

अठ्ठ्याण्णवचा शिमगा. पहिल्या गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात, इंजिन शिट्टीपेक्षा मोठ्यानं ओरडत असताना आम्ही तो डोंगर चढलो. मी कितीदा दगड लावला ते सांगत नाही, कमरेला अजून आठवतंय. माळ आला. खाचरं आली. बांध फोडलेले होते. माणसं उभी होती, शिमग्याला बाहेरगावचेही आलेले. कुणीतरी ढोल काढला. धोंडीरामनं खाचरांतून गाडी नेली आणि आईच्या घरापासून हाकेवर एक छान सपाट, मातीनं सारवल्यासारखा तुकडा होता, तिथं नेऊन उभी केली. दारासमोरची मोकळी जागा उतरती होती. हा तुकडा सपाट. कुणीही तिथंच उभी केली असती.

म्हणजे नाशिकच्या कुणीही.

आक्काबाई दारात आली. लहानखुरी, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर हात धरून. धोंडीराम खाली उतरला आणि म्हणाला, "आये, गाडी."

म्हातारीनं गाडीकडे बघितलंच नाही. ती गाडीच्या चाकांकडे बघत होती. म्हणाली, "धोंड्या, राबावर?"

तिकडं भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. शेण, त्यावर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पाला, गवत, असे थर लावतात आणि वरून बारीक माती पसरतात. त्याला राब म्हणतात. तो उन्हाळाभर वाळू द्यायचा, आणि पाऊस तोंडावर आला की भाजायचा. आधी भाजला तर मेचा वारा सगळी राख उडवून नेतो आणि त्या जागी रोप धड येत नाही. पाड्यातलं चार वर्षांचं पोरही राबावर पाय देत नाही. धोंडीरामनं लहानपणी स्वतः तो रचलेला होता. आणि आता त्यानं त्याच्यावर जीप उभी केली होती. चाकं माती फोडून खाली पाल्यात रुतली होती, आणि तासभर चढ चढून लालबुंद झालेला सायलेन्सर बरोबर त्या पाल्यावर टेकला होता.

धूर आधी मला दिसला. मी ओरडायच्या आत जाळ वर आला.

डिझेलची होती म्हणून भडका उडाला नाही. मल्हारीनं आणि इतरांनी दोर टाकून गाडी ओढली, ती दारासमोरच्या उतारावर येऊन जळके टायर रुतून थांबली. तोवर छत गेलं होतं. मागचे दोन्ही टायर, वायरी, रबराचे सगळे पाइप, पट्टा, बॅटरी. राबाला कुणी हात लावला नाही, तो विझवून विझतच नसतो. तो आतल्या आत जळत राहिला. ढोल कधी थांबला ते कळलं नाही.

मल्हारी म्हणाला, "तुला दिसला नाय व्हय?" रागानं नाही, खरंच विचारत होता.

आक्काबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती कोकणीत बोलायची, मला जमेल तसं लिहिते. ती म्हणाली, "इसरला गं." एवढंच. माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी डॉक्टर आहे आणि यावर औषध देणार आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडायला म्हातारी कोयता घेऊन निघाली. राब पुन्हा लावायचा होता, नाहीतर जूनमध्ये रोप कशात टाकणार? नाशिकला यायचा प्रश्नच नव्हता आता. धोंडीराम तिच्या मागं गेला. त्यानं रजा वाढवली आणि फांद्या छाटल्या, पाल्याचे भारे डोक्यावरून आणले, शेण गोळा केलं. त्याच्या हाताला फिटरचे घट्टे होते, कोयत्याचे नव्हते. पहिल्या दिवशीच फोड आले. आक्काबाई त्याला थर कसे लावायचे ते सांगत होती, लहान मुलाला सांगावं तसं, आणि तो ऐकत होता. मी पायी उतरून एस.टी.नं परत आले.

जीप तिथंच राहिली, दारात. गाडी दारात आली होती, त्याच्यात खोटं काही नव्हतं.

आता मला सांगा, दोन टायर, ब्रेकचे पाइप, डिझेलचा पाइप, पट्टा, वायरिंग, बॅटरी. फिटर माणसाला काम किती? सामान डोंगरावर चढवायचं धरलं तरी महिना. धोंडीरामनं पाच वर्षं घातली.

दर शनिवारी तो जायचा. वर्षातून दोनदा जाणारा माणूस दर शनिवारी जायला लागला, पावसातसुद्धा, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. एकदा टायर नेला. मग बरेच शनिवार दुसरा टायर मिळेना. मग पाइप नेला, तो बसेना. मग मिळाला तर नटचा आटा वेगळा. मी विचारलं की म्हणायचा, "थोडंच राहिलंय, बाई." मी म्हटलं, तुझा कारखाना या वेगानं चालला असता तर सातपूर बंद पडलं असतं. तो हसला. मे सरता सरता आईबरोबर राब भाजायचा, जूनला रोप, जुलैला लावणी. त्याचे खांदे बदलले. लताबाई म्हणाली, "आता तर बोलणंसुद्धा तिकडचं झालंय. परवा मला 'लय' म्हणाले."

दोन हजार दोन साली एकदा लताबाईनं मला घरात बोलावलं आणि देवघराखालचा पडदा बाजूला केला. आत बॅटरी होती. नवी, पुसलेली, टर्मिनलला ग्रीस लावलेलं.

"कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली. दर महिन्याला चार्ज करून आणतात आणि इथं ठेवतात. वर नेत नाहीत. बाकी सगळं बसवून झालंय म्हणे, मल्हारीभाऊ सांगत होते." पडदा परत सोडत ती म्हणाली, "मी काही विचारलं नाही. तुम्ही विचारा."

मला विचारायला काय? पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर निघाले. अडुसष्टाव्या वर्षी तो चढ चढले, रागानं चढले म्हणून जमलं. धोंडीराम पोचल्या पोचल्या शेळ्यांसाठी पाला आणायला गेला. आक्काबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून कुळीथ निवडत होती. मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. जळलेल्या छताच्या जागी मल्हारीनं पळसाच्या पानांचं छप्पर घालून दिलं होतं. तिची संध्याकाळ रोज गाडीतच जायची, मला सरकून जागा करून देत म्हणाली, "बस. इथं वारा बरा लागतो." मी म्हटलं ही ड्रायव्हरची जागा आहे, ती म्हणाली, "ड्रायव्हर पाल्याला गेलाय."

मी आडून विचारत नाही. म्हटलं, "आक्काबाई, गाडी चालू झाली तर तुम्ही येणार का नाशिकला?"

ती कुळीथ निवडत राहिली. "नाय."

"मग त्याला सांगा ना तसं."

"त्यानं इचारलं तर सांगंन. आता इचारीत नाय." खडा उचलून तिनं बाहेर टाकला. "नाय म्हणलं, की गाडी घेऊन खाली जाईल. मंग दिवाळीला येईल, शिमग्याला येईल. राबावर उभा राहील."

मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू नको सांगू हां, बाई."

परत उतरताना मी धोंडीरामला बॅटरीचं विचारलं. तो पुढं चालत होता. मागं न वळता म्हणाला, "गाडी चालू झाली, बाई, की मला तिला विचारावं लागेल." मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात असं फार कमी वेळा केलंय.

पुढच्या पौषात आक्काबाई गेली. भात घरात आलं होतं, झोडून झालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसली, थंडी वाजते म्हणून आत गेली आणि झोपली. शनिवारी धोंडीराम पोचला तेव्हा मल्हारी वाटेवर उभा होता.

सगळे विधी उरकल्यावर तो खाली आला, बॅटरी खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, "चला, बाई. दगड लावायला कुणीतरी हवं." खांद्यावर बॅटरी घेऊन तो अख्खा चढ न थांबता चढला. वर गेल्यावर बॅटरी जोडली, काहीतरी घट्ट केलं, डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा पंपानं काढली, आणि इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. कोंबड्या ओरडत बाहेर उडाल्या. तासाभराचं काम होतं. मल्हारीनं बांध फोडून ठेवले होते.

मी सवयीनं पुढच्या सीटकडे गेले. धोंडीराम म्हणाला, "मागं बसा, बाई."

चार वर्षं मी त्या सीटवर बसले होते. मी मागं जाऊन बसले, भाताचं पोतं आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या यांच्यामध्ये. घराला कुलूप नव्हतं, नुसती कडी लावली. या वर्षीचा राब लावायला सुरुवात झाली होती, अर्धा थर पडला होता. त्याला लांबून वळसा घालून त्यानं गाडी काढली.

उतार लागला. ती अवघड जागा आली, जिथं गाडी दरीकडे कलते. मी मागून त्याच्या मानेकडे बघत शिट्टीची वाट बघत होते. वाजली नाही. तो हळूहळू उतरत राहिला, पुढची सीट रिकामी, आणि प्रत्येक धक्क्याला डावा हात सीटच्या पाठीवर ठेवत होता, कुणी पडू नये म्हणून ठेवतात तसा.

सातपूरला पोचेपर्यंत अंधार पडला. लताबाई बाहेर आली. तिनं पुढच्या सीटकडे बघितलं, मला मागं कोंबड्यांत बसलेलं बघितलं. आत गेली, चहा टाकला आणि कप बाहेर आणून बॉनेटवर ठेवला.